बारा घरच्या लाद्या

हितेंद्रचं काम बोलायचं. परळ नाक्याला टाइल्सचं शोरूम आहे, तिथं तो सेल्समन. गिऱ्हाईक आत शिरलं की ह्याची टेप सुरू. "मॅडम, खोली लहान असली ना, की लादी मोठी घ्यायची. दोन बाय चार. सांधे कमी, खोली मोठी दिसते. रंग फिक्का घ्या, वर ग्लॉसी. ट्यूबलाइटचा उजेड खाली पडतो आणि परत वर येतो. एका लाइटात दोन लाइटचं काम." समोरचं माणूस दहा बाय बाराच्या खोलीत राहणारं असलं तरी महालाचं स्वप्न घेऊनच बाहेर पडायचं. खोटं बोलायचा नाही हां, तेवढं त्याच्या नावावर मांडायला पाहिजे. त्याला स्वतःलाच ते सगळं खरं वाटायचं.

पण ह्याच्या आईच्या घरातली जमीन बघितली असती, तर गिऱ्हाईक जिन्यातनंच परत फिरलं असतं.

आई म्हणजे राधाबाई. काळाचौकीच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर तिची खोली. नवरा कोंडीराम गिरणीत होता. गिरणी बंद पडली तसा लादीच्या कंत्राटदाराकडे बिगारी लागला. डोक्यावर लाद्यांची खोकी घेऊन मलबार हिल म्हणू नका, पेडर रोड म्हणू नका, सगळीकडचे जिने चढला. काम संपलं की उरलेली एखादी लादी शेठला विचारून बगलेत मारायची आणि घरी आणायची. घरातली जुनी शहाबादी जिथं फुटली असेल तेवढीच उखडायची, तिथं ही बसवायची. असं करत करत अख्खी जमीन बदलली, पण आजूबाजूच्या दोन लाद्यांचं एकमेकींशी नातं नाही. दारात खरखरीत करड्या, कुठल्या तरी बंगल्याच्या पार्किंगमधल्या. मधल्या जागेत उभ्या रेघांच्या. बुद्धाच्या मूर्तीच्या फळीखाली उठावाच्या फुलांची एक. मोरीच्या कडेला बारीक चौकटीची, कुणाच्या तरी पोहायच्या टाकीजवळची. आणि ओट्यापुढं एक निळी, काचेसारखी गुळगुळीत, कुठल्या शेठाणीच्या न्हाणीघरातली.

चाळीतले म्हणायचे, "कोंडीराम, तुझ्या एका घरात बारा घरं आहेत रे."

त्याला त्याचा केवढा तोरा. म्हणायचा, "शेठाणी ज्याच्यावर आंघोळ करते ना, त्याच्यावर उभी राहून माझी बायको भाकरी थापते. बोला."

कोंडीराम गेला. हितेंद्रचं लग्न झालं, खोली पुरेना म्हणून तो आणि वैशाली टिटवाळ्याला सहाव्या मजल्यावर राहायला गेले. आई हलली नाही. दर रविवारी हितेंद्र मटण घेऊन यायचा आणि दर रविवारी तेच बोलणं व्हायचं.

"आये, जोपर्यंत तुझं तुला होतंय तोपर्यंत राहा. ज्या दिवशी होणार नाही त्या दिवशी मी तुझं काय एक ऐकणार नाही. उचलून नेईन."

"मला उचलायला तुझ्या बापाची मान पाहिजे," राधाबाई म्हणायची. "तू एसीत काम करतोस."

आता त्यात झालं काय, की दुकानातला वरद एकदा आंबेडकर जयंतीला घरी जेवायला आला. जेवला पोटभर, पण उठताना जमिनीकडं बघून म्हणाला, "हितेंद्र, ही जमीन आहे का आपल्या शोरूमचा सॅम्पल बोर्ड?" दुसऱ्या दिवशी दुकानभर झालं. सॅम्पल बोर्डवाला, सॅम्पल बोर्डवाला. हितेंद्र हसला सगळ्यांबरोबर, पण आत कुठं तरी सल राहिला. जगाच्या घरात चकाचक करतो आणि आपली आई बिगाऱ्याच्या तुकड्यांवर राहते. त्यानं मनाशी ठरवून टाकलं.

संधी आपणहून आली. वस्तीतल्या विहारातल्या बायका दहा दिवसांच्या ध्यानाच्या शिबिराला निघाल्या. डोळे मिटून बसायचं, तोंडातून शब्द काढायचा नाही, मोबाइल जमा. राधाबाई निघाली, आणि तिच्याबरोबर समोरच्या खोलीतली वासंती. वासंती मालवणची, घरात गणपती बसवणारी, तोंडाची फाटकी. तिला लोकांनी विचारलं, तू गो कुठं निघालीस? तर म्हणे, "राधाबायला सोबत नको? आणि दहा दिवस मी गप्प बसले तर माझा घो देवाला नारळ फोडील."

टॅक्सी नाक्यावरनं वळली न वळली तोच शिवा मिस्त्री हातोडा घेऊन वर आला.

वैशालीनं विचारलं होतं, "आईंना विचारलंय का?"

"विचारलं तर हो म्हणेल का? सरप्राइज आहे."

"अहो, पण त्यांचं घर आहे."

"म्हणूनच करतोय ना."

शिवानं सगळं उखडलं. रॅबिटच्या, म्हणजे फुटक्या लाद्या-मातीच्या, गोण्या भरून जिन्याखाली लावल्या, त्यावरनं चाळ कमिटीनं वेगळं भांडण काढलं. आणि मग दारापासून मोरीपर्यंत एक लादी. एकच. दुधासारखी पांढरी, दोन बाय चार, ग्लॉसी, सांधा असा बारीक की नखानं शोधावा लागेल. हितेंद्रच्या डोक्यात अजून एक आलं. मोरीचा कठडा. म्हातारं माणूस, पाय अडखळेल. तो पण तोडला आणि मोरी जमिनीच्या बरोबरीनं केली. मॉडर्न. काम संपल्यावर त्यानं दिवा लावला आणि दारात उभा राहिला. खोली खरंच दुप्पट दिसत होती. शिवा म्हणाला, "साहेब, हॉस्पिटल वाटतंय." त्याला ते कौतुकानंच म्हणायचं होतं.

आई यायच्या दिवशी हितेंद्रनं अर्धी रजा टाकली. पेढे आणले. ट्यूबलाइट लावून आतल्या भिंतीला टेकून उभा राहिला, मोबाइल समोर धरून. व्हिडिओ चालू. आईचं तोंड कसं होतंय ते वैशालीला दाखवायचं होतं, दुकानातल्या ग्रुपवर पण टाकायचं होतं. वरदला दिसू दे. आवाज करायचा नाही म्हणून ओठ मिटून हसत होता.

राधाबाई गॅलरीतनं आली. वासंती मागं पिशव्या घेऊन. राधाबाईनं चपला काढल्या, नेहमीच्या जागी सरकवल्या, उजवा पाय उंबऱ्याच्या आत टाकला.

आणि चटका बसल्यासारखा मागं घेतला.

परत टाकला. अंगठा इकडं फिरवला, तिकडं फिरवला. तोंड समोर, सरळ हितेंद्रकडं. मधे चार हातांचं पण अंतर नाही. हितेंद्र मोबाइलमागनं हसतोय, भुवया उडवतोय, म्हणजे काय, कसं वाटलं?

"वासंती," राधाबाई हळू म्हणाली, "आपण चुकलो गो. ही माझी नाय. पुढची असंल."

मग तिनं मान जराशी वाकडी केली, कान पुढं करावा तशी, आणि परक्याच्या दारात विचारतात तसं विचारलं, "कोण आहे का घरात?"

हितेंद्रचा हात तसाच वर राहिला. हसू तोंडावर तसंच राहिलं, कारण ते काढायचं त्याला सुचलं नाही. आई त्याच्याकडं बघत होती. डोळे उघडे, उजेड दिवसासारखा, आणि ती विचारत होती घरात कोण आहे का. त्याला आधी वाटलं मस्करी करतेय. मग वाटलं रागावलीय. मग त्यानं वासंतीकडं बघितलं. वासंतीच्या हातातली पिशवी खाली गेली होती आणि तिनं पदर तोंडाला लावला होता. एवढ्या बोलणाऱ्या बाईचं ते तोंड बघून हितेंद्रनं हात खाली घेतला.

"आये," तो म्हणाला. "मी हाय."

राधाबाई दचकली. पण बाई खमकी. लगेच सावरलं. "मेल्या, बोलायचं नाय का? बाहेर ऊन, एकदम आत आलं की काय दिसतंय. काय केलंस हे? लाद्या घातल्यास होय? बरं केलंस. छान आहेत."

आणि ती आत आली. रोज चालायची तशीच चालली, ताठ, झपझप. हितेंद्रला एक क्षण वाटलं, बघा, उगाच घाबरलो. पण ती ओट्याकडं निघाली होती आणि गेली ओट्याच्या बाजूनं पुढं. पाय कठडा शोधत होता. कठडा नव्हता. मोरीतल्या ओल्यावर टाच गेली, बादली आडवी झाली, आणि हितेंद्रनं मोबाइल टाकून झेप घेतली म्हणून, नाहीतर डोकं नळावर होतं.

तो तिला धरून तसाच मोरीत बसला. पाणी पांढऱ्या लादीवरनं दारापर्यंत गेलं.

"किती दिसतं तुला?" त्यानं विचारलं.

ती ओला पदर पिळायला लागली.

"आये. किती दिसतं?"

"एका डोळ्यानं काय नाय," राधाबाई म्हणाली. "दुसऱ्यानं नळीतनं बघितल्यासारखं. ते पण धुरात. आज तर नुसतंच पांढरं."

"कधीपासून?"

उत्तर वासंतीनं दिलं. "दोन वर्षां झाली. मी काय करतलंय? माझ्याकडून शपथ घेतल्यान, हितूला बोललीस तर तुझं पाणी पिणार नाय म्हणून. तूच ना रे सांगून ठेवलेलंस, उचलून नेईन, उचलून नेईन? सुया मी ओवून देते. दळणातले खडे मी बघते. बाकी तिला काय लागतच नव्हतं रे. ह्या खोलीत ती माझ्यापेक्षा भरभर चालायची."

"कशी?"

राधाबाईनं ओला पाय लादीवर घासला. "तुझ्या बापानं लिहून ठेवलं होतं सगळं खाली. खरखरीत लागलं की दार. रेघा लागल्या की त्या धरून सरळ. थंड गुळगुळीत लागली की समजायचं गॅस हाताशी आहे, सावकाश. चौकटी आल्या की पुढं मोरी. फुलं पायाला लागली की वर हात जोडायचे." ती थांबली. "शिबिरात पण कुणाला कळलं नाय. तिथं सगळेच डोळे मिटून. जेवायला जायचं ते पण खाली मान घालून, एकीमागं एक, सावकाश. मला वाटलं, चला, एवढ्या जणी माझ्यासारख्या."

ती हसली. हितेंद्रला नाही हसता आलं. त्याच्या डोक्यात एकेक रविवार उलटत होता. आई दारात आल्या आल्या तोंडावरनं हात फिरवायची, बारीक झालास म्हणायची. तो लाडानं मान पुढं करायचा. ती बघत होती त्याला. हातानं. टीव्ही लावून ठेवायची आणि पाठ करून भाजी निवडायची. त्याला वाटायचं आईचं लक्ष नसतं. दोन वर्षं तो तिच्यासमोर बसून मटण खाऊन जात होता, आणि दुकानात लोकांना सांगत होता, मॅडम, दिसण्यावर सगळं आहे.

डॉक्टरांनी तपासलं. काचबिंदू. गेलेलं परत येत नाही म्हणाले, आहे ते टिकवायला थेंब दिले, रोज घालायचे, आयुष्यभर. आधी आला असतात तर, असं म्हणायला लागले होते, हितेंद्रचं तोंड बघून गप्प बसले.

मग हितेंद्र बोलला होता ते त्यानं केलं. आईला टिटवाळ्याला आणलं. राधाबाई भांडली नाही. आणि तेच वाईट. तिला सोफ्यावर बसवलं, ती सोफ्यावर बसली. जेवायला हाक मारली की हात पुढं करायची, न्यावं तिथं जायची. ताट समोर आलं की विचारायची, डाळ कुठल्या बाजूला? काळाचौकीच्या खोलीत एकटीनं चार भाकऱ्या टाकणारी बाई संडासला जायचं तरी वैशालीची वाट बघत बसायला लागली. हितेंद्रच्या घरातली जमीन त्यानंच निवडलेली. पांढरी, ग्लॉसी, सांधा नखानं शोधावा लागेल अशी.

एकदा तो कामावरनं आला तर आई सोफ्यावर ताठ, मांडीवर हात, डोळे मिटलेले. वैशाली स्वयंपाकघराच्या दारात उभी. ती हळूच म्हणाली, "अहो, आईंचं शिबिर संपलंच नाही अजून."

तो तिथंच बूट घालून उभा राहिला.

मग बूट काढले, मोजे काढले, डोळे मिटले आणि स्वतःच्या हॉलमधनं चालायला लागला. तीन पावलं नीट गेली. मग कळेना. खाली सगळीकडं सारखंच. गार, सपाट, इथं पण तेच, तिथं पण तेच. दार कुठं राहिलं, खिडकी कुठं आली. हात पुढं करून तो आपल्याच घराच्या मधोमध उभा राहिला आणि त्याला भीती वाटली. खरोखरची. सहाव्या मजल्याची गॅलरी कुठल्या बाजूला आहे हे त्याला ठरवता येईना.

"हितू," आईचा आवाज आला. "इकडं आहे मी. आवाजावर ये."

पुढच्या सोमवारी दुकान उघडल्या उघडल्या तो आईला काळाचौकीच्या खोलीच्या लाद्या निवडायला घेऊन आला. वासंती पण आली, तिला न बोलावता सगळीकडं जायची सवय. हितेंद्रनं स्टँडवरची सॅम्पलं उतरवली आणि शोरूमच्या मधल्या रस्त्यात एकापुढं एक मांडली. मॅट, अँटीस्किड, रेघांच्या, दाण्यांच्या, लाकडासारख्या, दगडासारख्या. राधाबाईनं चपला काढल्या, वासंतीचा हात धरला आणि चालायला लागली. इतकी वर्षं तो ह्या दुकानात होता. लोक लादीवर हात फिरवायचे, लाइट पाडून बघायचे, फोटो काढून नवऱ्याला पाठवायचे. चप्पल काढलेलं माणूस त्यानं बघितलं नव्हतं.

"ही नको," राधाबाई म्हणाली. "टाचेखाली काय सांगत नाय."

"ही?"

"पाणी आण."

"पाणी?"

"ओली झाल्यावर बघायला पाहिजे. कोरडी काय, सगळ्याच चांगल्या."

शेठ काउंटरवरनं उठून बघायला लागला. हितेंद्रनं वरदकडं बघितलं. वरद कूलरकडं गेला आणि ग्लास भरून आणला. गुडघ्यावर बसून स्वतःच्या हातानं लादीवर ओतला.

"मावशी, आता टाका पाय. हळू."

"तू कोण रे?"

"वरद. जयंतीला जेवून गेलो होतो."

"हां, तिसरी भाकरी मागायला लाजत होतास तो," राधाबाई म्हणाली आणि ओल्या लादीवर अंगठा घासला. "ही चालेल. मोरीला."

शिवा मिस्त्री परत काळाचौकीला आला तेव्हा त्याचा विश्वास बसेना. "साहेब, एवढं सरळ केलेलं, परत वाकडं करू?"

"कर. आणि मोरीचा कठडा पण परत बांध."

जिन्याखालच्या गोण्या अजून तिथंच होत्या. कमिटीचं भांडण चालू होतं, त्यामुळं उचलायला कोण तयार नव्हतं, म्हणून वाचल्या. हितेंद्र शर्टाच्या बाह्या वर करून बसला आणि एकेक गोणी उपसली. हात सोलवटले. करड्या बऱ्याच सापडल्या. फुलांचीचा कोपरा गेलेला, पण होती. निळी चार तुकड्यांत मिळाली, वेगवेगळ्या गोण्यांतनं. शिवानं ते तुकडे जुळवून ओट्यापुढं बसवले आणि मधे सफेद सिमेंट भरलं. रेघांच्या आणि मोरीच्या मात्र आईनं दुकानात निवडलेल्या नव्या. पांढऱ्या लाद्या भिंतींच्या कडेनं राहिल्या. मधनं वाट गेली, दारापासून ओट्यापर्यंत, ओट्यापासून मोरीपर्यंत, बुद्धाच्या फळीपर्यंत एक फाटा. दिसायला, खरं सांगायचं तर, भयंकर दिसत होतं.

ह्या वेळी त्यानं मोबाइल खिशात ठेवला आणि दारातच उभा राहिला. "आये, मी हाय. उजव्या बाजूला."

राधाबाईनं चपला काढल्या. उजवा पाय आत टाकला. थांबली. खरखरीत.

मग अशी चालली की वासंतीला हात सोडून द्यावा लागला. रेघा धरून सरळ, ओट्याशी आली, उभी राहिली. पायानं निळी चाचपली. तुकड्यांमधल्या सिमेंटवर अंगठा थांबला.

"फुटली होय रे?"

"हो," हितेंद्र म्हणाला. "मी फोडली."

"असू दे. आता जास्ती कळते." तिनं हात पुढं केला, बरोबर गॅसच्या बटणावर गेला. "चहा टाकते. वासंती, तुला साखर कमी?"

"आता ह्या वयात कमी करून काय करू?" वासंती म्हणाली, नाक पुसत.

हितेंद्र खाली बसला, फुलांच्या लादीजवळ. बोलायचं काम त्याचं, पण तो लादीचा गेलेला कोपरा बोटानं चाचपत राहिला. आई पाठमोरी उभी होती, आधण कधी आलं ते आवाजावरनं ओळखत होती.

"करड्या उरल्यात का रे काही?" तिनं विचारलं.

"दोन उरल्यात."

"एक तुझ्या घरी घेऊन जा. तुझ्या दारात आतल्या बाजूनं बसव. आणि गॅलरीच्या आधी दुसरी." तिनं चहा उतरवला. "पुढच्या रविवारी मी येईन. मटण तिथं कर. पण दार कुठंय ते मला माझं कळलं पाहिजे."